व्ह्यूफाइंडरमध्ये एक जास्त

१

छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये नेहमी कमी दिसतं आणि मागच्या स्क्रीनवर जास्त. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

व्ह्यूफाइंडर म्हणजे कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यातलं ते बारीक भोक. एक डोळा मिटून दुसरा लावायचा. आत फक्त तीन काचा असतात. वीज नाही, चिप नाही, त्यामुळे खोटं बोलायची सोयही नाही. पलीकडे असेल ते अलीकडे दिसतं, तेही कडेने कापून, शंभरातलं ऐंशी. स्क्रीनवर मात्र लेन्सने पाहिलेलं पूर्ण चित्र येतं. दोन्हींत किती फरक पडतो हे मोजणं माझं रोजचं काम.

नौपाड्यात आमचा फोटो स्टुडिओ होता. आता तिथे मी जुने कॅमेरे तपासून, दुरुस्त करून देते. ज्यांच्या आईबापांनी हे कॅमेरे माळ्यावर फेकले, ती पोरं आता तेच शोधत फिरतात. दाराच्या चौकटीवर मी निळ्या टेपच्या खुणा केल्या आहेत. काउंटरवर ठरलेल्या जागी कॅमेरा ठेवायचा, आधी भोकातून खुणा मोजायच्या, मग स्क्रीनवर, आणि चिठ्ठीवर लिहायचं. दुपारी एक ते चार नौपाडा झोपतो. तेव्हा मी काचेच्या दारावर 'बंद' ची पाटी उलटवते आणि हे काम करते.

दाराजवळच्या खुर्चीत बाबा बसलेले असतात. गोपीनाथ फोटोवाले, वय एक्याऐंशी. शेजारी गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. बाबांची मधली नजर गेली आहे, कडेचं तेवढं पुसट दिसतं. समोर कोण आलं ते त्यांना आवाजावरून कळतं, मी आले तरीसुद्धा. पण दारात सावली हलली की ते आपले म्हणतात, "या, बसा." आणि माणूस निघाला की, "या हं." येणाऱ्यालाही या, जाणाऱ्यालाही या. मी त्यांना चिडवायचे, बाबा, एकदा तरी कुणाला जा म्हणा. ते म्हणायचे, दारातल्या माणसाला जा म्हणत नाहीत, रसू.

२

तो कॅमेरा मंगळवारी बाळकुमच्या शेवंतीने आणला. स्टेशनजवळच्या बाजारात ती मासळी विकते, मी तिच्याकडून घेते, एवढी ओळख. कॅमेरा चंदेरी, पंधराएक वर्षांचा, फडक्यात गुंडाळलेला.

"सासऱ्याचा हाय," ती म्हणाली. "पोरीला, दिपिकाला पायजे आता. कॉलेजान फॅशन आलीय ना. चालतंय का तेवढा बगा."

"बघते. शनिवारी ये."

ती उठली, पुन्हा बसली. "ताई, मांगची काच बगा. त्या भोकान नका बगू."

"का गं?"

"नका बगू म्हंजे नका बगू."

माझा स्वभाव वाईट आहे. मला कुणी एखादी गोष्ट करू नको म्हटलं की ती करून झाल्याशिवाय मला जेवण जात नाही. शिवाय व्ह्यूफाइंडर न बघता चिठ्ठी लिहायची म्हणजे टायर न बघता गाडी पास करण्यासारखं आहे. मी हो म्हटलं आणि मनात नाही म्हटलं.

"येते," शेवंती म्हणाली.

"या हं," बाबा म्हणाले.

३

दुपारी दीडला पाटी उलटवली. आधी स्क्रीन तपासली. समोर पांढरा कागद धरला, तर स्क्रीनवर दोन मेलेले ठिपके, एक डाव्या कोपऱ्यात, एक मधे. उन्हात जरा फिकी पडते. तिरकं धरलं की रंग पिवळट होतो. पंधरा वर्षांच्या स्क्रीनला याहून काय विचारायचं? चिठ्ठीवर 'स्क्रीन: ठीक' लिहिलं.

मग डोळा भोकाला लावला.

चौकट दिसली. निळ्या खुणा दिसल्या, कडेच्या दोन कापलेल्या, म्हणजे हिशोबाप्रमाणेच. बाबा खुर्चीत पेंगत होते. स्टूल रिकामं होतं. आणि काचेच्या दाराबाहेर, पायरीवर, एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता. पांढरा शर्ट, पूर्ण बाह्यांचा. दुकान कधी उघडतंय याची वाट बघत लोक उभे राहतात, तसा.

मी कॅमेरा खाली घेतला. पायरीवर कुणी नव्हतं. पुन्हा भोकात बघितलं, तो होता. स्क्रीन चालू केली, तिच्यावर पायरी रिकामी होती, समोरच्या दवाखान्याची पाटीसुद्धा वाचता येत होती. पुन्हा भोकात, आणि तो तिथेच होता.

भोकात कमी दिसतं. वीस वर्षं मी हेच लिहीत आले. यात एक माणूस जास्त दिसत होता.

मला भीती वाटली हे कबूल करते. पण आधी वाटला तो संशय, आणि तो माझ्यावरच होता. चष्म्याचा नंबर, पापणीचा केस, काचेवर बुरशी. काउंटरवरचे दुसरे दोन कॅमेरे उचलून त्यांच्या भोकांतून पाहिलं. पायरी रिकामी.

तेवढ्यात बाबा जागे झाले. त्यांनी दाराकडे मान वळवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "या, बसा."

दार बंद होतं. पाटी उलटी होती. पायरीवर काळं कुत्रं नव्हतं.

"कुणाला म्हणताय, बाबा?"

"ते उभे आहेत ना केव्हाचे. उन्हात."

मी चंदेरी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. बाहेर कुणी नव्हतं. आतल्या स्टुलाकडे मला बघायचं नव्हतं, म्हणून मी तिकडेच बघितलं. तो बसला होता. गुडघे जुळवून, हात गुडघ्यांवर, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा. तोंड बाबांकडे होतं, पाठ माझ्याकडे.

चिठ्ठीवर 'व्ह्यूफाइंडर:' च्या पुढे मी काहीच लिहिलं नाही. असं माझ्या हातून कधी होत नाही.

४

दुसऱ्या दिवशी कॅमेरा उघडला. चार स्क्रू, वरचं झाकण, आणि भोकाच्या तिन्ही काचा चिमट्याने काढून पांढऱ्या कापडावर मांडल्या. एकेक दिव्यासमोर धरली. ओरखडा नाही, बुरशी नाही, कुणी काही चिकटवलेलं नाही. तिन्ही स्वच्छ पुसल्या. काचा काढलेल्या असताना नुसत्या पोकळ नळीतून स्टुलाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं आणि मी मोठ्याने हसले. बाबांनी विचारलं, काय गं? मी म्हटलं, काही नाही, नीट झाला.

काचा बसवल्या. बघितलं. तो होता, आणि स्टूल कालच्यापेक्षा बाबांच्या खुर्चीजवळ होतं.

हे मात्र नुसत्या डोळ्यांनाही दिसत होतं. फरशीवर स्टुलाच्या पायांचे जुने डाग आहेत, त्यांच्यापासून ते वीतभर सरकलं होतं. बाबांनी पायाने ढकललं असेल. रोज संध्याकाळी झाडणाऱ्या बाईने सरकवलं असेल. एवढ्याशा गोष्टीला कारणं काय, ढीगभर मिळतात.

चार वाजता शेजारच्या टपरीवरच्या विमलाबाई चहा घेऊन आल्या. तीन कप.

"दोन सांगितले होते ना?"

"तुमच्या बाबांनी हाक मारून तीन म्हटलं."

बाबांनी तिसरा कप चाचपून घेतला आणि स्टुलाच्या काठावर ठेवला. मग स्वतःचा न पिता तसाच हातात धरून बसले. मला म्हणाले, "सभ्य माणूस आहे. शर्टाची इस्त्री बघ, बाहीची घडी कशी सरळ आहे."

मी तिथेच थांबले. माझ्या बाबांना माझा चेहरा दिसत नाही. सकाळी मी त्यांना औषधाची गोळी हातात देते तेव्हा ते हवेत हात फिरवून माझं बोट शोधतात. आणि त्यांना बाहीची घडी दिसत होती.

"काय बोलतात ते?" मी विचारलं.

"बोलत नाहीत फारसं. बसलेत." त्यांनी कप मांडीवर टेकवला. "मलाच दमल्यासारखं वाटतंय गं, रसू. त्यांच्याबरोबर बसलं की बरं वाटतं."

तेव्हा मला राग आला. भीतीपेक्षा जास्त आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

५

स्टूल उचललं आणि माळ्यावर टाकलं. बसायला जागाच नाही तर बसेल कशावर? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कॅमेरा डोळ्याला लावला तर तो बाबांच्या खुर्चीमागे उभा होता आणि त्याचा एक हात खुर्चीच्या पाठीवर होता. बाबांच्या मानेपासून दोन बोटांवर.

मी मोठ्याने म्हणाले, "जा."

बाबा दचकले. "कुणाला म्हणतेस? मला?"

"नाही, बाबा."

"मग त्यांना? शोभतं का हे? मी बोलावलंय त्यांना. माझ्या दुकानात."

बरोबरच होतं ते. बोलावलं बाबांनी आणि घालवणारी मी कोण? पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं तर हात तिथेच होता. मी निमूटपणे स्टूल खाली काढलं आणि खुर्चीपासून शक्य तितकं लांब ठेवलं. तो त्यावर जाऊन बसला. निदान हात तरी निघाला.

कॅमेरा हातोडीने फोडावा असं मनात आलं नाही असं नाही. पण मी अर्धं आयुष्य याच कामात घालवलंय. काच फोडली तर मला दिसायचं बंद होईल. स्टुलावरचा उठेल असं थोडंच आहे?

मी शेवंतीला फोन लावला. मागे बाजाराचा गलका होता.

"शेवंती, मी भोकात बघितलं."

गलका कमी झाला, म्हणजे ती कुठेतरी आडोशाला गेली.

"बसायला दिलात काय?"

"बाबांनी दिलं. या, बसा म्हणाले."

"नको द्यायला होता, ताई." तिचा आवाज एकदम खाली आला. "आमचा सासरा धोंडीबा, त्यानंव बसायला दिला. पडवीन बाकड्यावर बसायचा तो. म्हनायचा, बाजूला मानूस बसलाय, चांगला हाय. आमी हसायचो. मंग एक दिस दुपारच्याला दोगं उठून गेले."

"म्हणजे?"

"म्हंजे सासरा बाकड्यावरच होता, ताई. पन गेला."

मग ती म्हणाली, "मी कॅमेरा न्यायला येऊ?"

"नेलास तर तो उठेल?"

"बसलेला मानूस कॅमेरा नेल्यानं कसा उठंल? मना मायीत नय. तुमचे बाबांचं वय झालंय ना, ताई. आमच्या सासऱ्याचंव झालेलं."

ती वाईट मनाने म्हणाली नाही. समजूत घालत होती. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही म्हण ज्याने केली त्याला म्हातारी आवडत नसावी. मला म्हाताऱ्याचंही दुःख होणार होतं, आणि सोकावूही द्यायचं नव्हतं. वय झालंय म्हणून माझ्या बाबांना कुणीही यावं आणि उठवून न्यावं काय? एक्याऐंशी झालंय. ब्याऐंशी होऊ दे.

"कॅमेरा शनिवारी ने," मी म्हटलं. "तपासणी अजून पुरी झालेली नाही."

६

शुक्रवारी दीड वाजता पाटी उलटवली, चंदेरी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि भोकात न बघता सरळ जाऊन स्टुलावर बसले. ते पुन्हा बाबांच्या खुर्चीपाशी सरकलेलं होतं.

अक्कल एवढीच होती. उभा राहिला तर त्याचा हात बाबांच्या मानेपाशी जातो. बसला तर बाबा दमत जातात. पण स्टुलावर आधीच कुणी बसलं असेल तर सभ्य माणूस काय करतो, हे मला बघायचं होतं. काही जाणवलं नाही. ना गार वारा, ना वास. फोमची गादी जराशी खाली गेली, ती माझ्याच वजनाने.

"कोण, रसू? इथे बसलीस?" बाबांचा चेहरा उजळला. "किती वर्षांनी माझ्याजवळ बसलीस."

खरं होतं ते. चार पावलांवर काउंटर आणि माझं बसणं कायम त्याच्या पलीकडे.

"थांब, तुझा फोटो काढतो," ते म्हणाले आणि मी नको म्हणायच्या आत उठलेसुद्धा. काउंटर चाचपत गेले. तिथे एकच कॅमेरा होता. मागच्या स्क्रीनशी बाबांचं कधी जमलंच नाही. पन्नास वर्षं भोकातून बघितलेला माणूस. त्यांनी डावा डोळा मिटला, उजवा लावला आणि त्यांचे खांदे एकदम तरुण माणसासारखे सरळ झाले.

"हां. आता सरका जरा. जवळ सरका."

बाबा मला जन्मात अहोजाहो बोलले नाहीत. मला म्हणताना ते सरक म्हणतात. सरका म्हणतात ते नवरानवरीला, दोघा भावांना, मायलेकींना.

डावीकडे बघायची इच्छा झाली, बघितलं नाही. दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवले आणि मनात म्हटलं, नाही सरकणार. माझ्या बापाचं स्टूल आहे.

कॅमेरा वाजला.

"बघ बरं, नीट आलाय का," बाबा काउंटर सोडून जवळ आले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे धरली.

स्क्रीनवर मी एकटीच होते. दोन मेलेले ठिपके, मागे निळ्या खुणा, आणि मी. पण मी स्टुलाच्या अगदी उजव्या काठावर बसले होते, अर्धी बाहेर, खांदे आत ओढून, अंग चोरून. स्टुलाचा डावा अर्धा भाग रिकामा होता. मी सरकले नव्हते, असं मला वाटत होतं. स्क्रीनवर जास्त दिसतं, म्हटलं ना.

खाली माझ्या मांड्यांकडे बघितलं. खरंच काठावर होते. चार दिवसांत त्याने बाबांना असंच सरकवत आणलं होतं आणि मला पाच मिनिटांत.

मग मी सरकले. त्याच्या बाजूला.

शेजारच्या परक्या माणसाच्या मांडीला मांडी लागली की आपलं अंग आपोआप मागे येतं. माझं आलं. मी ते पुन्हा पुढे रेटलं. तिथे काहीतरी होतं, आणि तेही मागे येत होतं. मी कोपर बाहेर काढलं, गुडघे फाकवले आणि मधोमध बसले, असं बसणं मला लहानपणापासून कुणी शिकवलं नव्हतं.

"अगं," बाबा म्हणाले. कॅमेरा पुन्हा त्यांच्या डोळ्याला होता. "ते उठले."

शेवंतीचं बोलणं माझ्या डोक्यात वाजलं. दोगं उठून गेले. आणि बाबा माझ्यासमोर उभे होते.

"बाबा, तुम्ही बसा."

"पाहुणा निघालाय आणि मी बसू?"

"आधी बसा म्हणते ना." स्टुलावरून न उठता मी हात ताणून त्यांचं मनगट धरलं आणि ओढलं. त्यांच्याशी एवढ्या दांडगाईने मी कधी वागले नव्हते. ते खुर्चीत बसले, धापा टाकत, चिडून. मनगटात नाडी उडत होती. मी ते सोडलं नाही.

मग दाराकडे बघून म्हटलं, "जा."

या वेळी बाबा मला काही बोलले नाहीत. काचेच्या दाराची स्प्रिंग कुरकुरली, फट पडली, उन्हाची एक पट्टी फरशीवर आली आणि बारीक होत नाहीशी झाली. दार लागलं. बाबांच्या मनगटातली नाडी हळूहळू जागेवर आली.

"गेले?" मी विचारलं.

बाबांनी दाराकडे मान वळवली. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की पन्नास वर्षं त्यांच्या तोंडून जे निघत आलं, तेच निघालं.

"या हं."

त्या जिभेला आता काय शिकवणार? काउंटरवरची चिठ्ठी ओढून घेतली आणि 'व्ह्यूफाइंडर:' च्या पुढे लिहिलं, 'एक जास्त. बसायला देऊ नये.' मग स्टूल फिरवलं, दाराकडे तोंड करून त्यावर मधोमध बसले आणि विमलाबाईंना हाक मारून चहा सांगितला. दोनच.